जावात क्लासच्या आत क्लास: आधी स्टॅटिकच लिही

हे बघ, जावात आतल्या क्लासला स्टॅटिक लावलंस की तो जवळपास स्वतंत्र क्लासच असतो, फक्त नाव बाहेरच्याच्या आत राहतं आणि एकमेकांचे प्रायव्हेट मेंबर दिसतात. स्टॅटिक नाही लावलंस तर तो इनर क्लास, आणि खरी गोम इथेच आहे, कारण त्याचं ऑब्जेक्ट बाहेरच्या ऑब्जेक्टशिवाय बनतच नाही, म्हणून मेनमधून (प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड) नुसतं न्यू केलंस की कंपायलर ओरडतो, तिथे आउटर डॉट न्यू इनर असं लिहावं लागतं (इथला आउटर म्हणजे बाहेरचं ऑब्जेक्ट, क्लासचं नाव नव्हे). आतलं ऑब्जेक्ट बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे नेणारा दुवा, गुपचूप धरून ठेवू शकतं, मग आतलं ऑब्जेक्ट कुठल्या लिस्टमध्ये पडून राहिलं तर बाहेरचंही मेमरीतून जात नाही (अँड्रॉइडवाले याने फार वैतागतात).

जावाचा स्वतःचा कोड उघडून बघ, खरंच बघ. हॅशमॅपमधला नोड (की-व्हॅल्यूची एक जोडी ठेवणारा क्लास) स्टॅटिक आहे, त्याला मॅपशी काही देणंघेणं नाही, पण अ‍ॅरेलिस्टचा इटरेटर (लिस्टमधला एकेक घटक काढून देणारा) इनर आहे कारण त्याला त्याच लिस्टचा डेटा लागतो. तू पण हाच प्रश्न विचार, बाहेरच्या ऑब्जेक्टचा डेटा लागतो का? नसेल लागत तर स्टॅटिक. आणि पायथॉनवरून आला असशील तर तिथे हा आपोआप मिळणारा रेफरन्स नसतो, गल्लत करू नकोस.