इंग्रजीला भविष्यकाळ नाही म्हणजे काय?

बी.ए.च्या पहिल्या वर्षात इंग्रजी घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केला. आता व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलंय की इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत. मग ‘आय विल गो’ हे काय?’

हा गोंधळ आपल्या ‘काळ’ या शब्दानेच बराचसा होतो. इंग्रजीत ‘टाइम’ वेगळा आणि ‘टेन्स’ वेगळा. मराठीत दोन्ही काळच. (‘टेन्स’ही मुळात लॅटिन ‘टेंपस’, म्हणजे वेळ, यावरूनच जुन्या फ्रेंचमधून आला, पुढे तो व्याकरणापुरता उरला.) तुमच्या पुस्तकाला अभिप्रेत आहे ते क्रियापदाचं रूप. ‘वॉक’चं ‘वॉक्ट’ होतं, ‘गो’चं ‘वेन्ट’ होतं. भविष्यासाठी मात्र क्रियापद जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या आधी ‘विल’ येतं. आपल्याकडे ‘करीन, करशील, करील’ यांत भविष्य थेट धातूला चिकटलेलं आहे. तसा प्रत्यय इंग्रजीत नाही.

बरं, हे ‘विल’ तरी कोण? त्याचा जुना अर्थ इच्छा असणे. मृत्युपत्राला आपण ‘विल’ म्हणतो ते याच कुळातलं. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या पंगतीत ते बसतं, आणि त्याला स्वतःचं भूतकाळी रूप आहे: ‘वुड’. ‘ही सेज ही विल कम’ याचं ‘ही सेड ही वुड कम’ होतं. ‘वुड’ भूतकाळी, तर ‘विल’ हे वर्तमानकाळी रूप ठरतं. मला हा मुद्दा सगळ्यांत पटतो. शिवाय दारावरची बेल वाजल्यावर इंग्रज म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन’. पोस्टमन तर आत्ता दारात उभा आहे! तिथे ‘विल’ने सांगितला तो फक्त अंदाज.

आता मराठीकडे वळा, कारण रूप एक आणि वेळ दुसरी हा प्रकार आपण दिवसभर करत असतो. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. ‘थांब, आलोच’ म्हणणारा अजून जागचा हललेलाही नसतो. ‘उद्या पाऊस आला तर जाऊ नकोस’ यातला ‘आला’ उद्याचा आहे. ‘तो आत्ता घरी असेल’ हा तर थेट त्या पोस्टमनचा भाऊ. इंग्रजीतलं ‘इट्स टाइम वी वेन्ट’ पाहा: ‘वेन्ट’ भूतकाळी, पण जायचंय आत्ता.

आपल्या व्याकरणकारांनी हे ओळखलं होतं. म्हणून त्यांनी रूपांना वेळेची नावं न देता प्रत्ययांची दिली: ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात (‘आख्यात’ म्हणजे क्रियापदाचं रूप, त्याआधी त, ल, ईल हे प्रत्यय). ‘आलोच’ हे लाख्यात आहे, मग वेळ कुठलीही असो. स्पर्धापरीक्षेची मुलं ही नावं कंटाळत पाठ करतात याचं मला फार वाईट वाटतं, इतकी ती नेमकी आहेत.

इंग्रजीतही हा विचार आजचा नाही. इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात दोनच काळ मानले. पण लॅटिनमध्ये भविष्याचं खरंखुरं रूप आहे (‘अमाबो’, म्हणजे ‘मी प्रेम करीन’), आणि शाळेतली व्याकरणं बराच काळ त्याच साच्यातून निघाली. बाराचा हिशेबही असा जुळवलेला: भूत, वर्तमान, भविष्य या तीन वेळा, गुणिले क्रिया साधी, चालू, पुरी की पुरी होत चालू असे चार प्रकार. वाक्यरचना शिकायला तो तक्ता उपयोगी आहे, फेकून देऊ नका. काही अभ्यासक आजही ‘विल’च्या रचनेला भविष्यकाळ म्हणतात, ‘टेन्स’ची व्याख्या सैल केली की तेही चालतं.

परीक्षेत ‘भविष्य दाखवायच्या रीती’ असा प्रश्न आला तर ‘विल’सोबत ‘गोइंग टू’ आणि ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन टुमॉरो’मधलं साधं वर्तमान हेही लिहा. आणि आज रात्री इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी घेऊन वहीत दोन रकाने पाडा: रूप कोणतं, वेळ कोणती. कुठे जुळलं नाही तर ते वाक्य इथे टाका, आपण बघू.