पुण्याला परतायचे आहे. १८ लाख येनची तलवार घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातील तपशील थोडक्यात देतो. आपण ३९ वर्षांचे आहात, सात वर्षांपासून टोकियोत सहकुटुंब राहता आणि साधारण पाच वर्षांनी पुण्याला कायमचे परतणार आहात. शिल्लक ६२ लाख येन आहे, घरखर्च महिन्याला साडेतीन लाख येन. तेथील एका विक्रेत्याकडे आपण ‘ओमी दाइजो फुजिवारा तादाहिरो’ अशी सही असलेली कताना, म्हणजे लांब जपानी तलवार, पाहिली आहे. किंमत १८ लाख येन. त्यातील १० लाख रोख आणि ८ लाख तीन वर्षांच्या हप्त्यांत देण्याची सोय आहे. विक्रेत्याच्या मते ही तलवार सोन्यासारखी वाढेल. आपण विचारता, ही गुंतवणूक म्हणून योग्य आहे का?

गुंतवणूक म्हणून योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपल्या पत्रात या पात्याबद्दल जी ओढ दिसते ती खरी आहे आणि तिचा मी आदर करतो, म्हणूनच केवळ नकार कळवून थांबत नाही.

आधी आपली शिल्लक पाहू. परदेशात नोकरी करणाऱ्या कुटुंबाने सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवलाच पाहिजे. ते झाले २१ लाख. पुण्यातील घरासाठी आपण ३० लाख बाजूला काढले आहेत. उरतात ११ लाख. म्हणजे १८ लाखांची वस्तू आपल्या मोकळ्या पैशांत बसतच नाही, आणि हप्त्यांची सोय नेमकी हीच गोष्ट नजरेआड करते. जी वस्तू भाडे देत नाही, व्याज देत नाही, लाभांश देत नाही, ती पुढच्या पगारावर उचल घेऊन विकत घेऊ नये.

आता वाढीचा हिशेब. जुन्या तलवारीच्या व्यवहारात विक्रेत्याची विक्रीची किंमत आणि त्याने परत घेताना देऊ केलेली किंमत यांत मोठी तफावत असते. ती ३० टक्के आहे असे उदाहरणादाखल धरू. आज १८ लाखांना घेतलेली तलवार उद्या परत नेली तर हाती १२ लाख ६० हजार येतील. केवळ मुद्दल सुटण्यासाठी दुकानातील किंमत सुमारे २५ लाख ७० हजारांवर जावी लागेल. पाच वर्षांत हे व्हायचे तर ती दरवर्षी सात टक्क्यांहून अधिक दराने वाढायला हवी, आणि तेव्हाही आपला नफा शून्यच असेल. सोन्याचा भाव रोज छापून येतो आणि एका तोळ्याचा भाव दुसऱ्या तोळ्यालाही लागू पडतो. तलवारीचे तसे नाही. प्रत्येक पाते वेगळे, आणि त्याचा भाव ते घेणारा माणूस समोर उभा राहील तेव्हाच ठरतो.

खरा प्रश्न मात्र कागदांचा आहे. आपण लिहिता की तलवारीसोबत ‘सरकारी प्रमाणपत्र’ आहे. ते तोरोकुशो, म्हणजे प्रीफेक्चरच्या (जपानमधील प्रांताच्या) शिक्षण मंडळाने दिलेले नोंदणीपत्र आहे. त्यावर पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळीची भोके आणि कोरलेली सही यांची नोंद असते. त्याशिवाय जपानमध्ये तलवार बाळगता येत नाही, आणि मालक बदलल्यावर २० दिवसांत मंडळाला कळवावे लागते. परंतु सही खरी आहे की खोटी, याबद्दल हा कागद काहीही सांगत नाही. जे कोरलेले आहे तेच तो उतरवून घेतो. खरेपणाबद्दल बाजार ज्या मताला मानतो, ते १९४८ साली स्थापन झालेल्या निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या जपानी तलवारींचे जतन करणाऱ्या संस्थेचे. तिच्या श्रेणी होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या क्रमाने आहेत. आपल्या तलवारीसोबतचा दुसरा कागद ‘तोकुबेत्सु किचो’ आहे. ती याच संस्थेची, १९८२ पूर्वीची पद्धत. त्या काळातील काही प्रमाणपत्रांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, त्यामुळे जाणकार ग्राहक आज नवा कागद मागतो.

त्यात हे नावच असे की सावध राहावे. हिझेन प्रांतातील तलवारी घडवणाऱ्या घराण्यातील दुसऱ्या पिढीच्या तादाहिरोला १६४१ मध्ये ओमी दाइजो ही उपाधी मिळाली आणि १६९३ मध्ये त्याचे निधन झाले. एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीत त्याने पुष्कळ पाती घडवली, आणि मागणी असलेल्या प्रत्येक नावाप्रमाणे याही नावाच्या खोट्या सह्या पुष्कळ झाल्या. नव्या तपासणीचे शुल्क १८ लाखांच्या मानाने किरकोळ असते. नव्या प्रमाणपत्राने किंमत वाढत असताना विक्रेत्याने ते आजवर का घेतले नाही, हा प्रश्न मला आपल्या जागी असतो तर झोपू देणार नाही.

आपण पाठवलेली छायाचित्रे मी काळजीपूर्वक पाहिली. मूठ काढल्यावर दिसणाऱ्या नाकागोवर, म्हणजे मुठीत दडणाऱ्या भागावर, सही ताची पद्धतीने कोरलेली आहे, म्हणजे धार वर ठेवून कमरेला खोचल्यावर जी बाजू शरीराकडे येते त्या बाजूला. हिझेनचे लोहार कतानावर सामान्यतः तशीच सही करत, त्यामुळे ही जमेची बाजू आहे. मात्र खोटी सही करणाऱ्यालाही हे ठाऊक असते. आपण प्रत्यक्ष जाल तेव्हा भिंग घेऊन अक्षरांच्या खोबणीत पाहा. आजूबाजूचा गंज जितका काळा आणि मुरलेला आहे, तितकाच छिन्नीच्या घावांच्या तळाशीही असायला हवा. घावांच्या कडा ताज्या, उठावदार दिसल्या तर थांबा. तो गंज पुसण्याचा वा घासण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका, कारण पात्याचे वय सांगणारा मोठा साक्षीदार तोच आहे. मग पाते दिव्यासमोर तिरके धरून पाणी दिल्याची रेघ, म्हणजे हामोन, मुठीपासून टोकापर्यंत अखंड जाते का पाहा. धारेतून आत शिरलेली केसाएवढी आडवी चीर, हागिरे, दिसली तर नाव कितीही मोठे असले तरी किंमत कोसळते. पाते पुन्हा पॉलिश करायचे झाल्यास खर्च काही लाख येनमध्ये जातो, आणि प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे पोलाद कायमचे जाते.

आता परतीचा मुद्दा, ज्याचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही. जपानमधून तलवार बाहेर नेताना सांस्कृतिक व्यवहार विभागाचे निर्यात प्रमाणपत्र लागते आणि नोंदणीपत्र परत करावे लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आहेत. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे खरे ग्राहक जपानमध्ये आणि तलवार पुण्याच्या कपाटात, अशी स्थिती होऊ शकते. तेव्हा नेण्याआधी सीमाशुल्क विभागाकडून आणि पुरातत्त्व खात्याकडून लेखी उत्तर घ्या. ते न मिळाल्यास जपान सोडण्यापूर्वी तलवार तेथेच विकायची, हे आजच ठरवून ठेवा.

कराबाबत एवढेच की, जपानमध्ये ३ लाख येनहून अधिक किमतीच्या अशा वस्तूच्या विक्रीवरील नफा करपात्र असतो. त्यात वर्षाला ५ लाख येनपर्यंत विशेष वजावट मिळते आणि पाच वर्षांहून अधिक काळ बाळगल्यास उरलेल्या नफ्याचा निम्माच भाग धरला जातो. खरेदीची पावती म्हणूनच जपून ठेवायची.

माझा सल्ला असा. या छंदासाठी मोकळ्या ११ लाखांतून ५ लाखांपर्यंत रक्कम वेगळी काढा, हप्ते घेऊ नका, आणि ती रक्कम निवृत्ती वा शिक्षणाच्या हिशेबात धरू नका. तेवढ्यात होझोन प्रमाणपत्र असलेली एखादी वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, किंवा एखादी उत्तम त्सुबा, म्हणजे मूठ आणि पाते यांमधली चकती, शोधता येईल. घाई नको, रयोगोकु येथील तलवार संग्रहालयात काही रविवार घालवा, म्हणजे अस्सल हिझेन पात्यावरचा तांदळाच्या कोंड्यासारखा बारीक पोत नजरेत बसेल.

आणि तादाहिरोचा मोह सुटत नसेल, तर विक्रेत्याला विचारा की नव्या तपासणीत सही खोटी ठरल्यास पूर्ण रक्कम परत देण्याचे आपण लिहून द्याल का. त्याचे उत्तर मला कळवा. होकार आला तरी कागद हाती येईपर्यंत एक येनही देऊ नका, आणि तेव्हाही किंमत आपल्या मोकळ्या पैशांत बसते का, हे आपण पुन्हा मिळून पाहू.