लाल स्वेटर, कागदाचा मुकुट अन् धाकट्याचं साक्षगंध

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. मोठी लेक इंग्लंडात प्रायमरी शाळेत मॅडम हाये, दुसरं वर्ष. धाकट्याचं साक्षगंध 12 डिसेंबरले ठरलं. तिले दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, आता म्हणते बाबा, 19 तारखेच्या आधी सुट्टी भेटत नाही. अन् 19 नंतर इकडे पौष लागते, मंग पाहुणे ऐकत नाहीत. बरं कामाचं म्हणावं तर मागच्या वर्षी याच दिवसात फोटो पाठवला होता, लाल स्वेटर, त्यावर हरीण, डोक्यावर कागदाचा मुकुट, अन् म्हणते कामानं जीव चालला! तिची आई रडून रायली, भावकीतले म्हणतात पोरगी तिकडचीच झाली. आमच्या गावचे मास्तर काढतात की सुट्ट्या, मंग हिलेच काऊन भेटत नाही?

उत्तर: काका, मास्तरांचं म्हणाल तर आपल्याकडे किरकोळ रजेचा अर्ज टाकला की झालं. इंग्लंडात तसं नसतं. सरकारी शाळेत मास्तरचे वर्षाचे कामाचे दिवस साधारण 195, त्यातले 190 पोरांसमोर, आणि रजा म्हणजे शाळेची सुट्टी तीच. टर्म चालू असताना रजा हवी तर हेडच्या, म्हणजे मुख्याध्यापकाच्या मर्जीवर, तीही बहुतेक बिनपगारी. पोरगं पाच दिवस विनापरवानगी घरी ठेवलं तर आईबापाला 80 पौंड दंड बसू शकतो, मग मॅडमच गायब झालेली कोण चालवून घेईल? समजा हेडनं एक दिवस दिलाही, तर एका दिवसात काय होते, मुंबईपर्यंतच नऊ तासांचं विमान, मग नागपूर, मग तुमचं गाव.

आता तो फोटो. मी स्वतः तीन वर्षं तिकडे शिकवलंय म्हणून मला तर वाचून हसूच आलं. गावच्या शाळेची गॅदरिंग आठवा, धोतर कोणाचं आणायचं, नाच कोण बसवणार, ऐन वेळी कोणतं पोरगं रडणार. तिकडची नेटिव्हिटी म्हणजे तेच, येशूच्या जन्माचं नाटक, चार-पाच वर्षांची पोरं, कोणी मेंढी, कोणी देवदूत, मेंढपाळाच्या डोक्याला भांडी पुसायचा टॉवेल. माझी एक मेंढी स्टेजवरच झोपली होती! अन् हे सगळं रोजचं शिकवणं सांभाळून. स्वेटरचा तर दिवसच असतो, ख्रिसमस जंपर डे, तेव्हा मॅडमनेही घालायचा, हौस असो नसो. मुकुट निघतो जेवणाच्या टेबलावरच्या क्रॅकरमधून, दोघांनी दोन टोकं ओढली की फट्ट होणारी कागदाची नळी, त्यात तो अन् एक फालतू जोक. म्हणजे तुम्ही पाहिला तो तिचा ड्युटीवरचा फोटो.

त्यात दिवस एवढासा, चारच्या आधीच सूर्य बुडतो. अंधारात निघायचं, अंधारात परत यायचं, अन् तिचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपले रात्रीचे अकरा, तेव्हा तुम्ही झोपलेले. ती फोन करत नाही असं वाटत असेल तर हेही बघा.

मी तुमच्या जागी असते तर 12 ची तारीख हलवली नसती. फक्त साक्षगंध सकाळी साडेअकराला ठेवा, तिकडे सहा वाजलेले असतात, ती शाळेआधी व्हिडिओ कॉलवर बसेल. साखरपुड्याचा कार्यक्रम लांबत जातो हो आपल्याकडे, पण यावेळी घड्याळ पाळा. लग्नाची तारीख मात्र तिच्या ईस्टरच्या, म्हणजे मार्च-एप्रिलमधल्या सुट्टीत धरा, साधारण दोन आठवडे मिळतात. त्या सुट्टीच्या तारखा तिला आत्ताच विचारा, मुहूर्त त्यात बसवा अन् तिकीट लवकर काढायला सांगा, शाळांच्या सुट्टीत भाडं लय चढते.

अन् 25 डिसेंबरला, ख्रिसमसच्या दिवशी, आपल्या संध्याकाळी साडेपाचला तिला फोन करा, तिकडे दुपारचे बारा. त्या दिवशी तिथं ट्रेन बंद, दुकानं बंद, सोबतच्या मॅडम आपापल्या घरी. आईलाही जवळ बसवा. सुट्टीचा विषय काढू नका, यंदा नाटकात गाढव कोण झालं होतं ते विचारा.