घागरीवर कुणाचं नाव असतं?

प्रिय चिमणे,

काल मी रात्रपाळीला निघाले तेव्हा तू दारातच विचारलंस, "आई, म्युझियममध्ये सगळ्या चित्रांखाली काढणाऱ्याचं नाव होतं. भारतातल्या वस्तूंखाली मात्र 'कारागीर अज्ञात'. आपली माणसं स्वतःचं नाव का लिहीत नाहीत?" बस चुकेल म्हणून मी "उद्या सांगते" म्हटलं. आता वॉर्डात शांत आहे, चहाच्या सुट्टीत लिहायला बसलेय.

आधी एक काम कर. कोपऱ्यातली आजीची तांब्याची घागर खिडकीपाशी घे आणि तिच्या गळ्याखाली बघ. बारीक ठिपक्यांनी काढलेली अक्षरं दिसतील. ते नाव आजीच्या मामांचं, तिच्या लग्नात त्यांनी ही घागर आहेर म्हणून दिली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत जुनी आहे. भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं, 'अमक्याकडून सप्रेम भेट', खाली तारीख. म्हणजे नाव लिहायची सवय आपल्याला नव्हती असं नाही. देणाऱ्याचं लिहिलं, घेणाऱ्याचं लिहिलं. ज्याने ठोकून ठोकून ती घागर उभी केली, त्याचं तेवढं राहिलं. इतकी वर्षं मी ती घासतेय, पण हे माझ्या लक्षात आलं ते तुझ्या प्रश्नामुळे.

आता टॉर्च आडवा धरून घागरीच्या पोटावर उजेड पाड. रांगेने बसलेले छोटे छोटे गोल ठसे दिसतात ना? त्याला मठारकाम म्हणतात. तांबं तापवलं की मऊ पडतं, हवा तसा आकार देता येतो, पण असं मऊ भांडं पाण्याच्या वजनाने चेपेल. म्हणून शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके देत जायचं. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि वर ती चमकही येते. एक ठोका वाकडा पडला तर लगेच डोळ्यांत भरतो. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशव्यांच्या काळापासून तिथे हे काम चालत आलंय. आजीचं माहेर तिथून जवळच. ती सांगायची, दुपारी आळीतला ठोक्यांचा आवाज थांबला की घरातल्यांना कळायचं, जेवायची वेळ झाली.

नाव का नाही, याचं एक उत्तर असं की आळीत सगळे सगळ्यांना ओळखायचे. घागर कुणी घडवली हे विचारायची कुणाला गरज नव्हती, चिरली तर तिथेच परत न्यायची. हे उत्तर गोड आहे आणि खोटं नाही, पण तुला एवढंच सांगितलं तर मी अर्धवट सांगितल्यासारखं होईल. काम माणसाचं मानलंच जात नव्हतं, जातीचं मानलं जायचं. बापाचा धंदा मुलाकडे, त्याचा नातवाकडे. आडनावंच बघ: तांबट, चितारी, सतारमेकर. धंदा नावात राहिला, माणूस त्यामागे दिसेनासा झाला. आणि शिकल्यासवरलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी, हातांनी काम करणाऱ्यांची नावं टिपून ठेवली नाहीत. याचं मला वाईट वाटतं.

आत्याचा तानपुरा मिरजेचा. तिथे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतारी बनवायला घेतल्या आणि पुढे गल्लीच्या गल्ली त्यात उतरली. तानपुऱ्याचा खालचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. सगळ्यात नाजूक काम जवारीचं: घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा घासत घासत असा आणायचा की तार त्याला जेमतेम स्पर्श करत राहील आणि सूर गुंजत राहील. ते कानानेच करावं लागतं. फरीदसाहेबांचं नाव तरी आज मिरजेत घेतलं जातं.

तुझ्या कपाटातली ती गोल गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, सावंतवाडीची, १२० पानांची दशावतारी. एका अवताराची बारा पानं. सत्तरच्या दशकापर्यंत ती रंगवणारे हात जवळजवळ संपलेच होते. तेव्हा तिथले राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोंसले वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ही कला शिकले. राजाराणी कारागिराचे शिष्य झाले, ही गोष्ट मला फार आवडते.

आता वारली आदिवासींचं सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. डहाणूकडे वारल्यांच्या घरात लग्न असलं की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा, आत पालघट देवी. चौक 'लिहितात' म्हणतात, काढतात नाही. तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. हे काम सवाशिणींचं. पिढ्यान् पिढ्या बायकांनी लिहिलं, भिंत पुन्हा सारवली की पुसलं गेलं. त्यातल्या एकीचंही नाव कुठे नोंदलेलं मला सापडलं नाही.

त्याच भागात जिव्या सोमा मशे नावाचा मुलगा होता. लहानपणीच आई गेली आणि त्याचं बोलणंच थांबलं. जे सांगायचं ते तो धुळीत चित्र काढून सांगायचा. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर गेले, कागद आणि रंग घेऊन. जिव्या नुसता चौक लिहून थांबले नाहीत. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, जे दिसलं ते त्रिकोण, वर्तुळं आणि ठिपक्यांनी कागदावर आणलं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचं पूर्ण नाव छापलं. ज्या कामाला कधी नाव नव्हतं, त्याला एका माणसाचं नाव मिळालं, आणि त्याच्यामागून कितीतरी वारली मुलं-मुली आपल्या चित्राच्या कोपऱ्यात सही करू लागली.

म्हणजे, चिमणे, आपल्या माणसांना नाव लिहायचं नव्हतं असं समजू नकोस. फार काळ त्यांना कुणी विचारलंच नाही. तुझ्या बाईंना सांगायचं असेल तर हे सांग. म्युझियमला पत्र लिहायचं असेल तर शनिवारी मी सोबत बसते. त्या वस्तूचं गाव, कुठली आळी, कुठल्या काळातलं काम, एवढं तरी त्यांनी पाटीवर लिहावं असं सुचवू या.

आणि तुझ्या पलंगावरचं वारली चित्र जपून खाली काढ. तू पाळण्यात होतीस तेव्हा डहाणूला एका बाईंकडून मी ते घेतलं. पैसे दिले, गुंडाळी करायला घेतली, तर त्या म्हणाल्या, "थांबा जरा." चित्र पालथं केलं आणि मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेऊन मागे सावकाश काहीतरी लिहिलं. मी घाईत होते, वाचलं नाही. नंतर फ्रेम केली आणि राहूनच गेलं.

बाबांना फ्रेमचे खिळे काढायला सांग. मी सकाळी आल्यावर दोघी मिळून वाचू.

तुझी
आई