टोमॅटोवरची अळी रंगावरून ओळखू नका

अळी हिरवी आहे, पानं खाल्लेली आहेत, एका कच्च्या टोमॅटोला गोल भोक आहे आणि फवारायचं काय, असं तुम्ही विचारलंय. फवारणीचं नंतर बघू. आधी अळी कोणती ते ठरवा, आणि त्यासाठी रंग बाजूला ठेवा. एकाच जातीच्या अळ्या हिरव्या, तपकिरी, गुलाबीसर अशा निघतात. ती कुठे आणि कशी खाते, ही खूण जास्त खात्रीची.

गोल भोकावरून मला ही फळ पोखरणारी अळी वाटते, हरभऱ्यावर येते तीच घाटेअळी. डोकं फळात खुपसून खाते, मागचं अंग बरेचदा बाहेरच असतं. दोन्ही कुशींवर फिकट पट्टा दिसेल. भोकाच्या तोंडाशी ओली विष्ठा असेल तर अळी बहुधा आतच आहे. फळ तोडा आणि अळीसकट नष्ट करा. नुसतं तोडून कुंडीशेजारी टाकू नका, कारण ही एका फळावर थांबत नाही.

पानं मात्र दुसरीच कुणी खात असेल. पान उलटून बघा. तपकिरी केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका, किंवा एकाच पानावर गर्दी करून हिरवा भाग खरवडणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर ती स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूवरची पानं खाणारी अळी. याच वेळी ते पान काढलं तर पुढचा सगळा त्रास वाचतो. मोठ्या झाल्या की पांगतात आणि दिवसा मातीत लपतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन शोधा. पाठीवर काळे त्रिकोणी ठिपके असतात.

पाठीची कमान करत चालते ती उंटअळी. ती बहुतेक पानंच खाते, हाताने वेचली तरी पुरे. पानाच्या आत पारदर्शक चट्टा आणि त्यात काळी विष्ठा असेल तर टूटा, पानात शिरून आतला गर खाणारी बारीक अळी. नुसती नागमोडी पांढरी रेघ असेल तर नागअळी, जी खरं तर माशीची अळी आहे.

आणि कुठल्याही अळीच्या पाठीवर पांढरे बारीक कोष चिकटलेले दिसले तर कृपा करून तिला मारू नका. ते परजीवी गांधीलमाशीचे आहेत. अळी तशीही मरणार, गांधीलमाश्या मात्र पुढच्या अळ्या शोधतील.

फवारायचंच असेल तर बीटी, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक, घ्या. ते पोटात गेलं तरच काम करतं आणि लहान अळ्यांवरच नीट चालतं. उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही मारा. फळात शिरलेल्या अळीपर्यंत ते पोचत नाही, तिथे हातच लागतो.