चौथं वर्ष वाया जाईल का?

प्रश्न: मुलगी एमबीबीएस झाली, यूएसएमएलई ही तिकडची डॉक्टरकीची परीक्षा देऊन आता अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे फॅमिली डॉक्टर व्हायच्या पुढच्या ट्रेनिंगसाठी, इंटरव्ह्यू चालू आहेत. सगळे प्रोग्राम तीन वर्षांचे, एकच चार वर्षांचा, आणि मॅडमना नेमका तोच आवडलाय! माझं म्हणणं, नवे प्रयोग आपल्याच पोरीवर कशाला? असे प्रोग्राम चांगले की वाईट ते ठरवायचं तरी कसं? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, हा प्रयोग काल-परवाचा नाही. अमेरिकेत फॅमिली मेडिसिन १९६९ मधे स्वतंत्र स्पेशालिटी झाली, रेसिडेन्सी तीन वर्षांची. पुढे २००७ ते २०१२ मधे पी-फोर नावाच्या उपक्रमात १४ प्रोग्रामना शिकवण्याच्या पद्धतीत हवे ते बदल करायची मोकळीक मिळाली, आणि २०१३ पासून तीन विरुद्ध चार वर्षं अशी तुलना करणारा वेगळा प्रायोगिक उपक्रम चालला. दोन्हीचं मूल्यमापन ओरेगॉनच्या हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीतल्या टीमकडे होतं, म्हणजे ज्याने बदल केला त्यानेच स्वतःला शाबासकी दिली असं झालं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सचा प्रोग्राम तर आजही चार वर्षांचाच आहे.

आता खरी गोम. चार वर्षांचा प्रोग्राम कोण निवडतं? ज्याला मुळातच जास्त शिकायचंय, बाळंतपणं करायचीत, गरीब वस्तीत काम करायचंय तो. मग तिथले डॉक्टर पुढे जास्त प्रकारची कामं करताना दिसले तर ते चौथ्या वर्षामुळे की मुलंच तशी होती म्हणून, हे सुटं करणं महाकठीण, कारण चिठ्ठ्या टाकून कुणी कुणाला प्रोग्राम वाटून देत नाही. परीक्षेच्या मार्कांवर तर मी फारसा जातच नाही, मार्क काय अभ्यास करून पडतात.

मी बघेन ते ओपीडीकडे. जुलैत जिची शुगरची गोळी वाढवली ती बाई ऑक्टोबरमधे परत तुमच्या मुलीकडेच येते की जो मोकळा असेल त्याच्याकडे जाते? फॅमिली डॉक्टर तयार होतो तो इथेच, स्वतःचा निर्णय बरोबर होता की चूक ते त्याला स्वतःला दिसायला हवं ना. आधी तिकडचा नियम होता तीन वर्षांत पेशंटच्या १६५० व्हिजिट, म्हणजे नुसती मोजदाद, २०२३ च्या नव्या नियमांत त्याऐवजी स्वतःच्या पेशंटसाठी १००० तास आले. मला हे जास्त पटतं, कारण आकडा भरायचा म्हटलं की सर्दी-खोकलेच भरले जातात.

आणि जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही हं. कॅनडात ही रेसिडेन्सी दोनच वर्षांची आहे, ती तीन करायचं घाटत होतं पण डॉक्टरांचाच विरोध झाल्यावर २०२३ मधे बेत गुंडाळला. आधीच फॅमिली डॉक्टर मिळत नाहीत, त्यात आणखी एक वर्ष थांबा कसं सांगणार! तुमच्याकडे पैशाचा हिशोबही आहेच, चौथं वर्ष म्हणजे पूर्ण डॉक्टरच्या पगाराऐवजी आणखी एक वर्ष रेसिडेंटचा स्टायपेंड.

तेव्हा मुलीला विचारायला सांगा की चौथ्या वर्षात नेमकं काय शिकवतात, का नुसत्या जास्त ड्यूट्या लावतात, आणि आधीच्या बॅचेस पास होऊन कुठे गेल्या, काय करतायत. प्रोग्राम डायरेक्टरपेक्षा शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटना गाठलेलं बरं, ते मोकळेपणी बोलतात, आणि रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रामच्या पसंतीक्रमाची यादी, भरायच्या आत एक फोन केला की काम होतं.