एफएमची लहर पुढे का विस्कटते?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये एएम (संदेशानुसार लहरीची उंची बदलणं) आणि एफएमचं (संदेशानुसार फ्रीक्वेन्सी बदलणं) सिम्युलेशन केलं. एएम जमलं. एफएमची लहर सुरुवातीला ठीक दिसते, पुढे मात्र विस्कटत जाते. अहवालात मी फक्त सुरुवातीचा तुकडा दाखवला. मित्र म्हणतात, हे जुनं झालं, वेब डेव्हलपमेंट शिक. काय करू?

उत्तर : मित्रांचं नंतर बघू. आधी त्या न दाखवलेल्या तुकड्याबद्दल बोलू.

तुझा कोड मी पाहिलेला नाही, पण बहुधा तू कॅरिअरच्या, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या मूळ लहरीच्या, फ्रीक्वेन्सीत संदेश मिळवलास आणि त्या बेरजेला थेट वेळेने गुणलंस. जवळजवळ सगळेच आधी इथे चुकतात. गाडीचा वेग सतत बदलत असेल, तर आत्ताचा वेग गुणिले एकूण वेळ करून अंतर निघत नाही. क्षणाक्षणाचं अंतर जोडत जावं लागतं. फेजचं, म्हणजे लहर आपल्या फेऱ्यांत कुठवर पोचली याचंही, तसंच आहे. म्हणून दर सॅम्पलची फ्रीक्वेन्सी आधीच्या बेरजेत मिळवत जा (नमपायमध्ये त्यासाठी क्युमसम आहे), सॅम्पलिंग रेटने भाग, दोन पायने गुण आणि मग कोसाइन घे. तुझ्या पद्धतीत चूक वेळेबरोबर वाढते. सुरुवात साजरी दिसते ती त्यामुळेच.

दुरुस्त केल्यावर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. संदेश १००० हर्ट्झचा एकच सूर, डेव्हिएशन (फ्रीक्वेन्सी मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती सरकते ते) २४०५ हर्ट्झ, कॅरिअर १० किलोहर्ट्झ, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ. पूर्ण एका सेकंदाचा एफएफटी काढ, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीत किती ताकद आहे ते दिसेल. मॉड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले संदेशाची फ्रीक्वेन्सी) २.४०५ होतो आणि तिथे कॅरिअरची रेघ जवळपास नाहीशी होते. (कॅरिअर गेल्याचा आनंद व्हावा, अशी ही एकच जागा.) एएम ‘जमलं’ म्हणतेस, तेही तपास : १०० टक्के मॉड्युलेशनला, एकाच सुरासाठी, दोन तृतीयांश पॉवर एकट्या कॅरिअरमध्ये असायला हवी.

आता ‘जुनं’. विमानाचा पायलट आणि नियंत्रण कक्ष यांचं व्हीएचएफवरचं बोलणं आजही एएमवर चालतं. दोघे एकदम बोलले तर एएममध्ये निदान गोंधळ ऐकू येतो. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोराला गिळून टाकतो. वायफायमधलं क्यूएएम म्हणजे तरी काय? ९० अंशांनी सरकलेल्या दोन कॅरिअरचं अॅम्प्लिट्यूड बदलणं. मोडेम, रडार, सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ (एसडीआर, बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारा रेडिओ) या सगळ्यांत हेच गणित कोडमध्ये उतरवणारी माणसं लागतात.

मात्र तिथे पायथन हा फक्त कच्चा आराखडा असतो. सी भाषा आणि फिक्स्ड पॉइंटचं (अपूर्णांकही पूर्णांकांत बसवून केलेलं) गणित शिकावं लागेल. ग्नू रेडिओ हे सॉफ्टवेअर आणि एखादा साधा एसडीआर डोंगल घेऊन खरं एफएम स्टेशन स्वतःच्या कोडने ऐकून बघ. ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन आणि १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज, म्हणजे कार्सनच्या नियमाने (दोन्हींच्या बेरजेची दुप्पट) १८० किलोहर्ट्झ बँडविड्थ. हा आकडा तेव्हा हाताला लागतो.

वेबमध्ये शिरकाव सोपा आहे, हे खरंच. ती लहर का बिघडते याचा विचार डोक्यातून जात नसेल, तर इकडे ये. तुकडा कापून सुटल्यासारखं वाटलं असेल, तर वेबकडे जा, त्यात कमीपणा नाही.

आणि अहवाल अजून बदलता येत असेल, तर चुकीचा आलेख पूर्ण लांबीचा छाप, शेजारी दुरुस्त केलेला. मुलाखतीत मी तरी त्याच पानावर प्रश्न विचारीन.